रजनीचा अंगठा

रेशनच्या लाईनीत उभ्या राहणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. सर्व्हर डाऊन असतो, पाय दुखत असतात, घरी कणीक मळून ठेवलेली असते आणि पुढेमागे बायकाच बायका. एवढं सगळं जमून आल्यावर किस्से नाही होणार तर काय होणार? माझ्याकडे इतके साठलेत की घरातला धान्याचा डबा रिकामा होतो, पण हे संपत नाहीत.

आमची लाईन स्वारगेटच्या मागे, कालव्याकडच्या वस्तीत लागते. दुकान अण्णांचं. अण्णा बोलतात कमी, पण बोलले की दिवसभर आठवत राहतं. मी मंगल. सकाळी चार घरी पोळ्या करते आणि मग पिशव्या घेऊन अण्णांच्या दारात.

*

रजनी माझ्या शेजारच्या खोलीत राहते. माझ्याच वयाची, दोन मुलं, नवरा नोकरीला, कार्ड केशरी. सगळं सेम टू सेम! फरक एकच. अण्णांच्या मशीनवर रजनीने अंगठा टेकवला की पहिल्या झटक्यात जुळतो. मशीन टुंग करतं आणि पावती बाहेर.

माझा जुळत नाही. उजवा नाही, डावा नाही. पदराला पुसून झाला, केसांवर घासून झाला, फुंकर मारून झाली. मग एकेक करून बाकीची बोटं लावली. अण्णा शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, हाताची संपली. आता चपला काढता का?"

लाईन हसली. रजनीही हसली, हे मी बघून ठेवलं.

कोणाला शेजारणीच्या पाटल्यांचा हेवा वाटतो, कोणाला तिच्या फ्रिजचा. मला अंगठ्याचा वाटायला लागला! मशीनवर ठेवलेला तो मऊसूत अंगठा बघितला की मी माझा पदराखाली लपवायची. एकदा न राहवून विचारलंच, "काय लावतेस गं हाताला?"

"मी? काहीच नाही."

हे 'काहीच नाही' ती ज्या सुरात म्हणाली ना, त्या सुरावर माझी अख्खी दुपार वाया गेली.

*

आमच्या लाईनीत एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला ती फार सुसंस्कृत वाटेल.

एकदा एक नवीन बाई लाईनीत आल्या. सोलापूरकडून नुकत्याच राहायला आलेल्या. त्यांचा नंबर यायला तीन-चार जणी होत्या, तेवढ्यात पुढची बाई वळून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." तिच्या पुढचीही म्हणाली, "व्हा की ताई पुढे, मला घाई नाही." रजनी तर चक्क बाजूला सरकली. त्या बाईंना गहिवरूनच आलं. "पुण्याची माणसं तुसडी असतात म्हणतात, पण किती प्रेमळ हो तुम्ही!"

त्या पुढे गेल्या. अण्णांनी पोतं उलटं करून झटकलं आणि तळातला सगळा भुगा, खडे आणि किडे यांच्यासकट तांदूळ त्यांच्या पिशवीत ओतला. मग नवीन पोत्याची शिवण उसवली.

रजनी लगेच पुढे झाली. नवं पोतं, पहिलं माप, पांढराशुभ्र तांदूळ! दर वेळी हिलाच कसं कळतं पोतं कधी संपणार ते, देव जाणे. मी तिच्या मागे दुसरी होते, तरी माझा जळफळाट झाला.

सोलापूरच्या बाई हुशार निघाल्या. पुढच्या महिन्यात मी त्यांना हसून म्हणाले, "व्हा ना पुढे." त्या म्हणाल्या, "नको गं बाई, मागच्या महिन्यातलं प्रेम अजून निवडतेय."

*

कांबळेआजी आमच्यातल्या सगळ्यात सीनियर. बालवाडीत मदतनीस होत्या. वयामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या. मग अण्णांनी सांगितलं, "आजी, तुम्हाला ओटीपीवर देतो. मोबाईलवर नंबर येईल, तो सांगायचा."

नंबर आला, पण आजींच्या आधारला मोबाईल जोडलेला कोणाचा? जावयाचा! जावई कात्रजला राहतो. आता दर महिन्याला आजी लाईनीतून त्याला फोन लावतात, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे आम्हीही सगळ्या हजर.

"जावईबापू, मेसेज आला का?"

"आई, जेवलात का?"

"जेवले. मेसेज बघा ना."

"गुडघा कसाय आता? मागच्या वेळी तुम्ही मटण केलं होतं ना, तसं आमच्याकडे कोणाला जमत नाही."

"या रविवारी. आधी नंबर सांगा."

"रविवारी नक्की ना?"

तेवढ्यात ओटीपीची वेळ संपते. अण्णा मान हलवतात. परत पहिल्यापासून.

आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान करतात. तो महिना तीन वर्षांतून एकदा येतो. आजींचा दर महिन्याला येतो! आम्ही हसायचो. तरी मला त्यांचाही हेवा वाटायचा. मटण घालून का होईना, त्यांचं काम होत होतं. माझ्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद पडला होता आणि तो कोणाला मटण घालून चालू होणार नव्हता.

*

हेवा फक्त आम्हालाच वाटतो असं नाही. मी जिथे पोळ्या करते, त्यातल्या एका घरच्या काकू फार चांगल्या आहेत. तीन बेडरूमचा फ्लॅट, दोन गाड्या, मुलगा परदेशात. एकदा मला म्हणाल्या, "मंगल, रेशनच्या तांदळाच्या इडल्या म्हणे कापसासारख्या होतात."

"होतात काकू. चांगल्या फुगतात."

काकूंनी मोठा उसासा सोडला. "मज्जा आहे बाई तुमची. घरबसल्या सगळं मिळतं. आम्हाला कोण देतंय?"

मी पोळी उलटली. म्हटलं, "घ्या ना काकू माझं कार्ड. फक्त त्याच्याबरोबर उत्पन्नाचा दाखलापण माझाच घ्यावा लागेल."

काकू उठून इडलीचं पीठ ढवळायला गेल्या. दुसऱ्या दिवशी आपल्या इडल्या मात्र त्यांनी मला डब्यात भरून दिल्या. दगड झाल्या होत्या.

*

माझा अंगठा जुळत नाही म्हटल्यावर धान्य आणायचं कसं? आमच्या ह्यांच्या अंगठ्यावर!

आमचे हे बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला आहेत. दुकानाची सुट्टी आणि रेशनची सुट्टी एकाच वारी. त्यामुळे दर महिन्याला अर्धी रजा टाकून यायचे. इस्त्रीचा शर्ट, केसांचा भांग, जसं काही उद्घाटनाला बोलावलंय. लाईनीत मी उभी राहायची. नंबर आला की हे समोरच्या टपरीवरून चहा संपवून यायचे, अंगठा टेकवायचे, टुंग!

"वा! साहेबांचा अंगठा म्हणजे लोणी आहे," अण्णा म्हणायचे.

मग पिशव्या मी उचलायची आणि हे रस्ताभर अंगठ्याकडे बघत चालायचे. "बघ, माझ्याशिवाय तुझं धान्य येत नाही." स्वतःच्या नवऱ्याच्या अंगठ्यावर जळणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? नसेल तर या आमच्याकडे.

एक दिवस त्यांच्या मालकाने स्पष्ट सांगितलं, "रेशनसाठी रजा मिळणार नाही. घरी बायको नाही का?"

*

त्याच सुमारास केवायसी आलं. कार्डावरच्या प्रत्येकाने स्वतः येऊन अंगठा द्यायचा. जो देणार नाही, त्याचं नाव कापलं जाणार आणि त्याच्या वाटणीचं धान्य बंद.

ह्यांचं झालं, मुलांचं झालं. माझं होईना. म्हणजे गंमत बघा, खाणाऱ्यांची नावं राहणार आणि जी दोन वेळा रांधून वाढते तिचं नाव जाणार! अण्णांनी पहिल्यांदाच टोमणा न मारता सांगितलं, "मंगलताई, याच महिन्यात करून घ्या. पुढे माझ्या हातात काही नाही." मला रडू यायचं बाकी होतं. तिघांच्या धान्यात चौघांची पोटं कशी भरायची?

आणि माझ्या पुढेच रजनी. टुंग!

तिच्याबरोबर तिचा नवरा आला होता, सुभाष भावजी. रात्रपाळीचे वॉचमन. त्यांनी अंगठा लावला. नाही जुळला. दुसरा लावला. नाही. सगळी बोटं झाली.

अण्णांनी चष्मा वर केला. "काय हो, गवंडीकाम करता का?"

"नाही. वॉचमन आहे."

"मग खुर्चीवर बसून रेषा कशा झिजल्या?"

भावजी खाली बघायला लागले. रजनी मात्र अगदी सहज म्हणाली, "घरी दिवसा भांडी आणि धुणं हेच करतात ना."

सगळ्या लाईनीच्या माना भावजींकडे वळल्या. मग मागून कांबळेआजींचा आवाज आला, "रजनी, तुझ्या सासरी अजून एखादा दीर आहे का गं?"

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी अंगठ्यावर जळत होते. जळायचं होतं ते भलतीकडेच.

*

भावजींचं केवायसी मग मोबाईलवर चेहरा दाखवून झालं. मला म्हणाले, "वहिनी, तुमचंही करून देतो. सोपं आहे, फक्त डोळे मिचकावायचे."

आम्ही दारात उभे राहिलो. ते मोबाईल धरून, मी समोर. मी मिचकावले. "अजून एकदा वहिनी. जरा जोरात. आता हसू नका." मी परत मिचकावले. असं बराच वेळ चाललं होतं आणि नळावरून रजनी आली. तिला मोबाईल दिसलाच नाही. दिसलं एवढंच, की मंगल तिच्या नवऱ्याला डोळे मारतेय आणि तो म्हणतोय, "छान, अजून एकदा!"

"मंगल!" हातातली बादली दाणकन खाली.

सगळं समजावून सांगितलं तेव्हा कुठे ती शांत झाली. पण खरं सांगू? रजनीला माझा हेवा वाटला, ती दोन मिनिटं मला फार आवडली.

चेहरा मात्र काही जुळला नाही. आधारवरचा फोटो नव्या लग्नातला. मोबाईलचं म्हणणं, ती बाई वेगळी आणि ही वेगळी. त्यात मोबाईलचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

*

शेवटी मी आधारच्या केंद्रावर गेले. तिथल्या मुलीने माझा हात हातात घेऊन बघितला. म्हणाली, "मावशी, रेषा आहेत. साबणाने आणि राखेने दबल्यात. आठवडाभर भांडी-धुण्याला हात लावू नका, रात्री व्हॅसलिन लावा. मग अंगठा द्या, जुळेल."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग आठवडाभर भांडी कोण घासणार?"

मी डबी उघडली. तळहातावर व्हॅसलिन चोळत बसून राहिले.

"हे बघ, मी कधी घासली नाहीत."

"माझं नाव कापलं जाईल."

ह्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मग उठले, दार आतून लावलं, खिडकीही लावली आणि मोरीत जाऊन बसले. पण दार लावून काय होतंय? पहिल्याच दिवशी पातेलं असं आपटलं की रजनीने भिंतीवर टकटक करून विचारलं, "मंगल, भांडणं चाललीत का?"

"नाही गं," मी म्हटलं, "केवायसी चाललंय."

कढईचा तळ काळाच राहायचा, ताटांना साबण लागलेला असायचा. मी परत घासायला जायची नाही, नुसती बघायची. सवयीने हात पुढे जायचे, ते मागे घ्यायची. हे सोपं नव्हतं.

आठवडा झाला. पोळ्यांची कामं उरकून मी लाईनीत उभी राहिले. नंबर आला. पदराला पुसलं नाही, फुंकर मारली नाही. अंगठा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

टुंग!

अण्णांनी पावती फाडून दिली. "झालं ताई. नाव राहिलं."

तिथूनच मी ह्यांना फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक असणार, मागे मिक्सरचा आवाज येत होता.

"अहो, जुळला!"

"खरंच?" हे इतक्या जोरात ओरडले की मिक्सर बंद झाला. "नाव राहिलं ना? सुटलो बाबा! म्हणजे आज रात्रीपासून भांडी—"

"केवायसी झालं हो. पण धान्य घ्यायला अंगठा दर महिन्याला लागतो. आणि तुम्हाला तर रजा मिळत नाही."

पलीकडे मिक्सर परत सुरू झाला. मला वाटलं, हे गिऱ्हाइकाकडे वळले.

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतोय," हे म्हणाले. "येताना नवी घासणी घेऊन येतो. घरातली पार झिजलीये."