घारीला सल्लागार शोधताना

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे घार म्हणतात. हे नाव बाबांनी ठेवलं. आमचं चष्म्याचं दुकान. शाळेतही जात नव्हती तेव्हापासून ती दुकानात यायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम केसभर जरी एका बाजूला उतरली असली तरी काउंटरमागून ओरडायची, "वाकडंय!" गिऱ्हाईक हसायचं, बाबा फ्रेम काढून तपासायचे, आणि ती खरंच वाकडी निघायची.

बाबा गेल्यापासून दुकान मी चालवतो. म्हणजे काउंटरवर बसतो, फ्रेमी दाखवतो, लोकांशी गप्पा मारतो. डोळे तपासते ती. त्याचं रीतसर शिक्षण तिनं घेतलंय. मलाही शिकवायचा प्रयत्न झाला होता. त्या मास्तरांची मला अजून दया येते.

दुकानामागे तिची अरुंद, अंधारी खोली आहे. खोली लांबीला कमी पडते, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर टांगलाय आणि माणूस तो समोरच्या आरशात वाचतो. तिच्या हाताशी काचांची पेटी असते. ती एक काच लावते, काढते, दुसरी लावते आणि विचारते, "ही बरी की ही?" दिवसभर तेच. पण तिची एक खोड आहे. मध्येच न सांगता ती एक साधी काच लावते, बिननंबरची, खिडकीला असते तशी. कारण तिचं म्हणणं असं की दोन काचा पुढे केल्या की माणूस त्यातली एक निवडतोच. ज्याला चष्मा लागतच नाही, तोसुद्धा निवडतो. साधी काच लावल्यावर जो "हां, आता छान दिसतंय" म्हणतो, त्याला ती पाणी पाजून घरी पाठवते. चांगलं दारात आलेलं गिऱ्हाईक! मी बाहेर कपाळाला हात लावून बसतो.

दुसरी तिची शिकवण अशी. उणे नंबर गरजेपेक्षा जास्त दिला की अक्षरं बारीक होतात आणि काळीकुळकुळीत दिसतात. माणूस खूश होतो, आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसतो. म्हणून ती विचारते, "स्पष्ट दिसतंय, की नुसतं काळं दिसतंय?" लोक गोंधळतात. ती थांबते. तिला घाई कसली ती नसतेच.

तर ही घार मागच्या वर्षी एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "दादा, मी बिझनेस स्कूलला अर्ज करतेय."

"धंदा शिकायला? धंदा आहे की आपला."

"आपला धंदा एका खुर्चीचा आहे. मला गाड्या फिरवायच्यात. कारखान्यात, शाळेत, माणसं डोळे चोळत काम करतात तिथं जाऊन तपासायचं. एक गाडी मी आजही चालवीन रे. पण पुष्कळ गाड्या कशा चालवायच्या, ते मला येत नाही."

प्रवेशाची लेखी परीक्षा ती देऊन बसली होती, गुणही उत्तम पडले होते. तिचा नवरा शाळेत गणित शिकवतो. ते स्कूल ज्या शहरात, तिथल्या शाळांत त्यानं नोकरीची चौकशीही करून ठेवली होती. दोघांनी मला ताकास तूर लागू दिली नव्हती. मी तोंडानं "वा, वा" म्हणालो. मनात म्हणालो, गेली. अशी माणसं एकदा गेली की परत येतात ती पाहुणी म्हणून.

सरळच सांगतो, मला ती जायला नको होती. दुकानाची काळजी होतीच, नाही कशाला म्हणू? पण सकाळी शटर वर केल्यावर आतून तिच्या पेटीतल्या काचांची किणकिण ऐकू येते, तेव्हा कुठे मला आपण उठलोय असं वाटतं. हे कुणाला सांगणार? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, मग घड्याळात गजर लावा."

अर्ज म्हणजे केवढं लचांड असतं ते मला तेव्हा कळलं. निबंध लिहायचे, मुलाखत द्यायची, वरिष्ठांची शिफारसपत्रं आणायची. जो भेटेल तो म्हणे, सल्लागार गाठा, त्याच्याशिवाय हल्ली पान हलत नाही. मग थोरला भाऊ म्हणून मी पुढे झालो. स्थळं बघावीत तसे आम्ही दोघं सल्लागार बघायला निघालो. मी मुलीकडचा.

पहिला सल्लागार काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसायचा. भिंतभर हसऱ्या मुलांचे फोटो, खाली त्यांच्या शाळांची नावं. गालिचा असा की आपलं पाऊल आपल्यालाच ऐकू येत नव्हतं. माणूस बोलायला मोठा गोड. घारीचं अर्धं बोलणं ऐकूनच तो म्हणाला, "तुमची गोष्ट मला सापडली! अंधारातून प्रकाशाकडे. निबंध आमची टीम लिहील, तुम्ही फक्त वाचून घ्या."

"आणि शिफारस?" घारीनं विचारलं. "मी सगळी वर्षं दादाच्याच दुकानात काम केलंय. माझा वरिष्ठ म्हणजे हा."

तो माझ्याकडे बघून हसला. "लग्नानंतर आडनाव बदललंय ना? मग कुणाला कळतंय? पत्र आम्ही तयार करू, साहेब सही करतील."

मला आयुष्यात कुणी साहेब म्हटलेलं नाही. मी लगेच खुर्चीत सावरून बसलो. सही कुठल्या पेनानं करावी इथवर माझा विचार गेला होता. घारीनं मात्र निघताना एकच प्रश्न विचारला, "समजा मी तुमच्याशिवाय अर्ज केला, तर?"

"अवघड आहे," तो म्हणाला. "फारच अवघड."

दुसऱ्या सल्लागार एक बाई होत्या. पूर्वी कुठल्याशा बिझनेस स्कूलच्या प्रवेश विभागात त्या अर्ज वाचायच्या. आता घरून काम करायच्या. जेवणाच्या टेबलावरचं मुलीचं दप्तर उचलून त्यांनी आम्हाला जागा करून दिली. चहा दिला आणि घारीला उलटसुलट विचारत सुटल्या. शेवटचं तुम्ही कुठं चुकलात? चुकलात हे कसं कळलं? गाड्यांचंच का, दुसरं दुकान का नाही? घार उत्तरं देत होती, मध्येमध्ये अडखळत होती. घाम मला फुटला होता.

शिफारशीचा विषय निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "सख्खा भाऊ चालणार नाही. आडनाव वेगळं असलं तरी नाही. तुमचं काम जवळून पाहिलेला, घराबाहेरचा माणूस आणा."

"आणि नसेल तर?" मी विचारलं.

"मग या वर्षी थांबा. आणि निबंधातली एक ओळसुद्धा मी लिहिणार नाही, हे आधीच सांगते."

घारीनं निघताना तोच प्रश्न त्यांनाही विचारला, तुमच्याशिवाय अर्ज केला तर? बाईंनी जरा विचार केला. "निबंध तुम्हाला माझ्याशिवाय जमतील. मुलाखतीला मी उपयोगी पडेन, बोलताना तुम्ही फार मागे सरता. पण तो बाहेरचा माणूस नसेल, तर मी असून नसून सारखीच."

परतताना मी फणफणत होतो. "ही बाई मदत करते की पेपर काढते? त्यापेक्षा तो पहिला बरा."

दुकानात आल्यावर घारीनं मला आतल्या खोलीत नेलं आणि खुर्चीत बसवलं. आरशातला तक्ता माझ्यासमोर होता. "दादा, पहिला बरा की दुसरी?"

"पहिला."

"का?"

"बोलला कसा छान! जीवाला बरं वाटलं."

"स्पष्ट दिसलं, की नुसतं काळं दिसलं?"

मी आरशातली अक्षरं वाचायला लागलो. चष्मेवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला एवढं कळतं. ती म्हणाली, "दोघांनाही मी साधी काच लावून पाहिली. आपल्याशिवाय काय दिसेल, ते बाईंनी नीट सांगितलं. मी त्यांच्याकडे जाणार." सल्लागार अशी ठरली. राहिला तो बाहेरचा माणूस.

तो कोण असणार, याची शंका मला बाईंच्या टेबलावरच आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. आमच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, दुसरं चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या मालकाला आमच्याकडे फक्त 'समोरचा' म्हणतात. बाबांनी त्याला बोट धरून हे काम शिकवलं, आणि त्यानं बरोबर आमच्या नाकासमोर दुकान थाटलं. बाबा स्वतः त्याच्या उद्घाटनाला जाऊन आले. मी गेलो नाही, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोललोही नाही. म्हणजे हा राग मला वारशानं मिळालेला नाही, स्वकष्टार्जित आहे.

"तोच एक माझं काम ओळखतो," घार म्हणाली. "आपला चष्मा अंगवळणी पडला नाही की माणूस त्याच्याकडे जातो. त्याचा पडला नाही की इकडे येतो. सोबत नंबरचा कागद असतो. इतकी वर्षं तो माझे कागद वाचतोय, मी त्याचे. माझ्या चुका त्यानं धरल्यात. आणि मी बरोबर असले की माणूस परत पाठवतो, 'समोरच्या बाईंनी काढलाय तोच नंबर ठेवा' म्हणून."

"मला नाही कधी सांगितलंस."

"तू रस्त्याकडे पाठ करून बसतोस." मग ती जरा थांबली. "दादा, तू नको म्हणालास तर मी त्याच्याकडे जाणार नाही. या वर्षी राहू दे म्हणेन. मनात काही ठेवणार नाही."

झालं. आता सगळं माझ्या एका शब्दावर आलं. नको म्हटलं की घार दुकानात राहणार होती, आणि तेही न रुसता. पुढच्या वर्षी बाहेरचा माणूस कुठून येणार होता? तेव्हाही समोर तोच असणार आणि इकडे मीच. मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक आहे. तिनं मान हलवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी रोज सकाळी वाट बघायचो की आज ही भांडेल. भांडली असती तर मीही आवाज चढवला असता आणि मोकळा झालो असतो. पण ती नेहमीसारखी आली, काचा पुसल्या, लोकांना "ही बरी की ही" विचारलं, डबा खाल्ला, निबंधाचे कागद पेटीखाली दाबून ठेवले. एके दिवशी ते कागद तिथं नव्हते. मी विचारलं, तर म्हणाली, "घरी नेऊन ठेवले. इथं उगाच पसारा."

मला ते सहन झालं नाही. त्याच दुपारी मी रस्ता ओलांडला. पण माझं मन फार मोठं आहे असं समजू नका. माझा हिशेब वेगळा होता. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर समोरचा मला उभा करणार नाही, तोंडावर नाही म्हणेल, आणि सुंठीवाचून खोकला जाईल. घार राहील आणि दोष त्याच्या माथी.

तो एका फ्रेमची दांडी गरम करून वाकवत होता. बराच पांढरा झाला होता. मला बघून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं नाही. "ये," म्हणाला, जसा काही मी रोजच येतो.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, जमेल तितक्या वाकड्या तोंडानं. तो ऐकत राहिला. दांडी डोळ्यासमोर धरून बघितली.

"लिहितो की," तो म्हणाला. "तिला मी कधीच माझ्याकडे बोलावणार होतो. पण तुझ्या बाबांच्या दुकानातून माणूस ओढायचा, ते काही जमलं नाही."

मी परत आलो आणि घारीला सांगितलं, "तो हो म्हणालाय." ती काचा पुसत होती. पुसतच राहिली, आणि मग तोंड वळवून म्हणाली, "तू गेलास?" मी म्हटलं, "नाहीतर काय त्याला स्वप्न पडलं?"

पुढच्या आठवड्यात समोरच्यानंच मला रस्त्यापलीकडून हात केला. तो कॉम्प्युटरपुढे बसला होता, एका बोटानं टाईप करत. "सगळं लिहून झालंय," तो म्हणाला. "तुला विचारायचं नाही, त्या सल्लागार बाईंनी फोनवर बजावलंय. पण एका जागी अडलो. उमेदवारातली एक उणीव लिहा म्हणतात. एखाददुसरी चूक सोडली तर तिच्या कामात मला ती सापडेना, आणि खोटं लिहायचं नाही. तू घरचा आहेस. आहे काही?"

मी म्हणालो, उणिवांना काय तोटा, थांबा. आणि शोधायला लागलो. गिऱ्हाईक परत पाठवते, ती उणीव माझ्या गल्ल्याची. हळू काम करते, पण म्हणूनच क्वचित चुकते. हट्टी आहे म्हणावं, तर तिचं 'मनात काही ठेवणार नाही' आठवलं. मी रस्त्याकडे बघितलं. आमच्या दुकानात ती एका म्हातारीच्या नाकावरची फ्रेम सरळ करत होती.

"लिहा," मी म्हणालो, "भाऊ नको म्हणाला असता, तर तिनं अर्जसुद्धा सोडून दिला असता."

त्याचं बोट वरच राहिलं. "आणि तू नको म्हणणार होतास?"

"हो. तुम्हीच नाही म्हणाल, या आशेवर त्या दिवशी आलो होतो."

तो कॉम्प्युटरकडे वळला आणि एकेक अक्षर शोधत त्यानं ते आपल्या शब्दांत लिहून काढलं. लिहून झाल्यावर शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस जरा," तो म्हणाला.

मी बसलो.