नाडी नसलेली मनकर्णा

सन चौऱ्याहत्तरात शुक्रवार पेठेतल्या मनकर्णेला सांगण्यात आलं, की बाई, तुझी नाडी चालत नाही. आता जिला हे सांगितलं ती समोर बसून गूळशेंगा खातेय, तर तिनं करावं तरी काय?

झालं होतं असं. भाकरी थापताना तिचा डावा हात तिसऱ्या भाकरीलाच गळून जायचा. सासू मथुराबाईनं तिला गल्लीतल्या ज्ञानबा वैद्यांकडं नेलं. बाईमाणसाची नाडी डाव्या हाताची बघायची, ही त्यांची तीन पिढ्यांची रीत. वैद्यांनी बोटं ठेवली, सरकवली, डोळे मिटले, उघडले. "मथुराबाई, नाडीच न्हाय हिला. हलू दिऊ नका." उजवा हात कशाला बघतील? रीत ती रीत.

मनकर्णा बाजेवर बसली. शेजारणी यायच्या, मनगट दाबायच्या, हळहळायच्या. दोन महिन्यांत पायांच्या काड्या झाल्या, मोरीपर्यंत जाताना धाप लागू लागली. तिलाच उमगेना, आपण आजारी म्हणून बसलोय की बसलोय म्हणून आजारी.

मग गिरणीत कामाला असलेला नवरा, कुंडलिक, तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही हात बघितले. उजवी नाडी ठणठणीत. "डाव्या हाताची रक्ताची नळी आवळलीय. लाखात एखादीला होतो हा आजार. गोळ्या चुकवू नका. आणि बसून राहू नका, रोज चाला. दम लागला, हात भरून आला की थांबा, उतरलं की पुन्हा करा."

एक म्हणतो हलू नको, दुसरा म्हणतो चाल. कुंडलिकनं दोघांचा मान राखला. एक दिवस चालायचं, एक दिवस निजायचं. मथुराबाईला काहीच पटेना. "हितं काय इपरीत झालं तर हिच्या बापाला काय तोंड दावू?" तिनं सुनेला मंगळवेढ्याला, माहेरी धाडायचं ठरवलं. परत कधी आणायचं, हे कुणी बोललं नाही. अशी गेलेली एक आतेबहीण मनकर्णेनं पाहिली होती. सात वर्षं झाली, अजून माहेरीच.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, "जाते, आत्याबाई. पर यष्टी स्टँडपत्तुर चालत."

"टांगा सांगितलाय की."

"तुमी बसा टांग्यात."

सुनेला एकटी कशी सोडायची? मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागनं निघाली, पडली तर तोंडावर मारायला. मनकर्णा चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. अर्ध्या वाटेत मागं धपकन आवाज झाला. पुढं पिशवी घेऊन चाललेला कुंडलिक बायकोला धरायला मागं धावला, तर ती उभीच. आई दुकानाच्या पायरीवर बसलेली, घामाघूम, तांब्यातलं पाणी स्वतःच पीत.

"आये, काय झालं?"

"मला काय व्हतंय? मला नाडी हाय."

मनकर्णेनं उजव्या हातानं सासूला उठवलं आणि घराकडं वळवलं. "सावकाश, आत्याबाई. दम लागला की थांबायचं."

"आन् मंगळवेढा?" कुंडलिकनं विचारलं.

"सांच्या भाकरी कोण करंल रं, तू?" मथुराबाई मागं न बघताच म्हणाली.

कुंडलिक पिशवी घेऊन तिथंच उभा. नाडी असलेली बसली, नसलेली चालली. आता निजवायचं तरी कुणाला?