हळदकुंकू लागलेला राऊटर

मी आज जो काही आहे तो माझ्या मामांमुळे. टेलिफोन खात्यात लाइनमन असलेल्या या माणसानं दहावीनंतर मला मुखेडला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि टेलिकॉम इंजिनिअर केलं. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्या हाती आली. त्याच मामांना मी तीन वर्षं फसवलं, तेही एका भिकार प्रमाणपत्रापायी.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला मी लातूरला नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेचा क्लास लावला. सर जुन्या परीक्षांतले चार पर्यायांचे प्रश्न वाचत, आम्ही उत्तरं घोकत. कुणी ‘असं का?’ विचारलं की म्हणत, “तुला पास व्हायचंय का शास्त्रज्ञ?” सगळे हसायचे, मीही. काचेच्या कपाटात एकुलता एक राऊटर होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. वीज कधीच लागली नाही.

मी पास झालो. शाल, नारळ, चौकातल्या फ्लेक्सवर फोटो. सत्काराच्या भाषणात मी गदगदून म्हणालो, “या क्लासनं मला घडवलं.” समोर मामा डोळे पुसत होते.

पुढच्याच महिन्यात नांदेडला एका लहानशा कंपनीत मुलाखत झाली. कार्यालयांना नेटवर्क बसवून देणं हे तिचं काम. मालकानं टेबलावर संगणक एकमेकांना जोडणारा एक स्विच ठेवला. “एका कार्यालयात दोन विभाग आहेत. एकाला दुसरा दिसू नये, असं करून दाखव.”

व्याख्या मला पाठ होती. हात मात्र हलेना.

“काय, चार पर्याय शोधून राहिलास का?” मालक म्हणाला. “ठेव तो प्रमाणपत्राचा कागद. केबलला टोक तरी बसवता येतं का?”

ते येत होतं. सुट्टीत मामांसोबत जोडण्या करताना तारांच्या रंगांच्या जोड्या बोटांत बसल्या होत्या. मी बसवलेलं टोक मालकानं तपासलं आणि मला केबल ओढायच्या कामावर घेतलं. खरं नेटवर्किंग मी तिथं शिव्या खात शिकलो. मामांना मात्र कळवलं, ‘प्रमाणपत्रामुळं नोकरी लागली.’ घरोघर तेच सांगितलं गेलं.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला, त्यांच्या मुलीबद्दल. “आपली पोरगी उन्हाळ्यात मोबाइल टॉवरच्या कामावर शिकायला जायचं म्हणती. मी म्हणलं, न्हाई. तू केलेला क्लासच लावू. तिथं भिंतीवर तुझा फोटू अजून हाय की!”

“हाव, मामा, तसंच करू,” एवढंच बोलून मी फोन ठेवला. स्वतःची किळस आली. मग पत्र लिहिलं:

“ती. मामांना,

सप्रेम जय भीम.

फोनवर मी ‘हाव’ म्हणालो, ते खोटं होतं. प्रमाणपत्रानं मला नोकरी दिली नाही, तुम्ही शिकवलेल्या जोडणीनं दिली. त्या क्लासात मी घोकणारा पोपट झालो आणि स्टेजवरून त्याचीच तारीफ केली. परीक्षा वाईट नाही. काम शिकून नंतर तेच पुस्तक वाचलं, तेव्हा पहिल्यांदा समजलं. पण हाताला काम माहीत नसताना तो कागद नुसता भिंतीला टांगायचा.

आपल्या पोरीला टॉवरच्या कामावर जाऊ द्या. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. परीक्षा तिनं पुढं द्यावी, पुस्तकं मी देईन.

भिंतीवरचा माझा फोटो उतरवा म्हणून क्लासला फोन केला होता. ते हसले. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण तिला अडवू नका. रविवारी येतो. हे सगळं तिच्यासमोर पुन्हा सांगीन.

तुमचा भाचा”