सोमाजी भाटव्यांचं रुसणं

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा सोमाजी मला कधीच आवडला नाही. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात आणि मान देऊन बोलतात. मीही तोंडावर ‘भाटवे, भाटवे’ करायचो आणि मनात दातओठ खायचो. आता माझंही वय झालं आहे, तेव्हा खरं तेच लिहितो. गोड लिहायला मला जमणार नाही.

शेतकरी म्हणून माणूस पक्का होता, हे कबूल. मूल गावाच्या अलीकडे त्याची सात-आठ एकर धानाची शेती. दाणा दाताखाली धरून तो धान कापायला आलं की नाही ते सांगायचा, आणि ते चुकायचं नाही. माझ्या बहिणीला, भागीरथाबाईला, त्याने कधी बोट लावलं नाही, हेही कबूल. पण सासुरवाडीच्या अंगणात पाऊल पडलं की या माणसाच्या अंगात यायचं.

आमचं गाव सिंदेवाहीपासून दोन कोसांवर. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. चौकात दंडारीचा नाच होतो, बांगड्यांची, उसाची दुकानं लागतात, घरोघर पाहुणे येतात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जातात. सासरी गेलेल्या लेकी याच वेळी माहेरी येतात. आमच्या बाईला, मोठ्या बहिणीला मी बाईच म्हणतो, वर्षातून हेच दोन दिवस मिळायचे. सासरी दुसरं बाईमाणूस नव्हतं आणि लगेच धान कापायला यायचं. त्या दोन दिवसांतला अर्धा दिवस सोमाजीचं रुसणं खायचं.

जावई रुसतो, त्याला मनवायचं असतं, यात नवीन काही नाही. पण सोमाजीने त्याचा धंदाच मांडला होता. एका वर्षी त्याला दिलेल्या खाटेची दोरी सैल निघाली. दुसऱ्या वर्षी त्याच्या बैलांना कुणी पाणी विचारलं नाही. एकदा तर माझी माय त्याच्याकडे पाठ करून शिंकली. कारण काहीही असो, हा उठायचा, डोक्याला शेला गुंडाळायचा आणि रेंगीला, म्हणजे त्याच्या हलक्या बैलगाडीला, बैल जुंपायचा. बाईलाही मुकाट्याने गाडीत बसावं लागायचं. गाडी गावाच्या शिवेपर्यंत जायची आणि तिथे थांबायची. मग बाबांनी आणि मी मागून जायचं, हात जोडायचे. तो दोनदा ‘नाई जी, माही काय किंमत तुमच्या घरी’ म्हणायचा, तिसऱ्यांदा गाडी वळवायचा. घरी येऊन अकरा वडे खायचा आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा. नऊ वर्षं हे असंच चाललं.

पंचावन्न साली आमची मंडई शनिवारी आली. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि मास्तरकी डोक्यात गेली होती. शनिवारची शाळा सकाळीच सुटली. सिंदेवाहीचे हेडमास्तर गुणवंतराव यांना मी जेवायला बोलावलं होतं. माझी बदली त्यांच्या शाळेत व्हावी अशी खटपट चालू होती, आणि पाहुणचारात काही कमी पडू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाई त्या दिवशी सकाळीच आली होती. आल्या आल्या मायजवळ चुलीपुढे बसली. मायने तिचे हात हातात घेऊन पाहिले, तळव्यांना घट्टे पडले होते. दोघींनी ठरवलं, जेवणं उरकली की बांगड्या भरायला जायचं, मग दंडार पाहायची, आणि रविवारी दिवसभर घराबाहेर पडायचं नाही, नुसतं बोलत बसायचं. बाई इतकी हसताना मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

पानं वाढली. पहिल्या पाटावर मी गुणवंतरावांना बसवलं. तो पाट मोठ्या जावयाचा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोमाजी हात धुऊन आला, पाटाकडे पाहिलं, ओले हात शेल्याला पुसले आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बाईने हातातली वड्यांची परात खाली ठेवली, मायकडे पाहिलं आणि निघाली.

“येतोच आमी,” ती मायला म्हणाली. दर वर्षी ती असंच म्हणायची.

आमच्या अंगणातून शीव सरळ दिसते. गाडी तिथे जाऊन थांबली. बाबा उठले, पागोटं घातलं.

“चाल लच्छू.”

“मी येत नाई,” मी म्हणालो. “तुमीबी जायचं नाई. नऊ वरसं नाक घासलं, लई झालं. घरी पाहुणे बसले आहेत, त्यांच्यासमोर हा तमाशा कायले? आज कोणी गेलं, तर मी या घरात राहणार नाई.”

“अरे, रीत आहे ते.”

“चुलीत गेली रीत.”

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. एकुलता एक, शिकलेला, पगारदार मुलगा. त्यांनी पागोटं काढलं आणि खाली बसले. मायने मात्र फडक्यात वडे बांधले आणि मागच्या दाराने निघाली. मी ते फडकं तिच्या हातातून हिसकावून घेतलं. आईच्या हातून मी काही हिसकावलं, ते तेवढं एकदाच.

तिकडे सोमाजी गाडीतून उतरला. एका बैलाचा खूर उचलून पाहिला, खाली ठेवला, मग दुसऱ्याचा पाहिला. जू सोडलं, पुन्हा बांधलं. बाई गाडीत बसून होती, तोंड आमच्याकडे. तिचं हिरवं लुगडं मला स्पष्ट दिसत होतं. चौकात दंडार सुरू झाली, ढोल वाजायला लागला, तरी गाडी तिथेच. शेवटी सोमाजीने आमच्या घराकडे एकदा पाहिलं, गाडीवर चढला आणि बैल हाकलले. गाडी खरंच निघाली तेव्हा बाबांच्या तोंडून ‘अरे’ एवढंच आलं.

“बरं केलंत मास्तर,” गुणवंतराव पान लावत म्हणाले. “अशा लोकांची जिरवायलाच पाहिजे.”

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. रविवारी मटण शिजलं. माय जेवली नाही. मी तिच्यावरच खेकसलो, की जावयाचे लाड तुम्हीच केले, आता भोगा.

बदली झाली नाही, हे जाता जाता सांगतो. पुढच्या भाऊबीजेला बाबांनी मला बाईला आणायला पाठवलं. वाटेत मी भांडणाची तयारी करत गेलो. सोमाजी हाकलून देईल, वाटेल ते बोलेल, मग मीही त्याला ऐकवीन. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती.

सोमाजीने मला पाहिलं आणि स्वतः पाणी आणून दिलं. खाट टाकली. मग म्हणाला, “मास्तर, लहानपणी मामाच्या घरी वाढलो. जेवलो का म्हणून मले कोणी इचारलं नाई. तुमच्या घरी कोणी मांगं धावत आलं, का बरं वाटे. लत लागली होती. गेल्या साली वाटलं, आत्ता येतीन, आत्ता येतीन. माहंबी चुकलंच. घेऊन जा तिले, मी येत नाई, म्हणजे भांडणच नको.”

माझी चारही वाक्यं फुकट गेली. त्याचा मला आणखीच राग आला. मी आत गेलो. बाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मला ओवाळायची काहीच तयारी केलेली नव्हती.

“बाई, चाल. भाटवे जा म्हणतात.”

“मी येत नाई.”

“काऊन? त्यांनी तुले काई म्हटलं का?”

“थो काय म्हणते? थो तर रोज म्हणून राह्यला, जाय म्हणून.” ती पाखडत राहिली. “लच्छू, रुसला थो होता. मी नव्हती रुसली. मीबी त्याच गाडीत बसली होती, तुमाले दिसत होती. त्याच्यासाठी नाई, त माह्यासाठी तरी तुमच्यातलं कोणी उठाव का नाई?”

मी म्हणालो, “बाई, माय वाट पाहते.”

“गेल्या साली मीबी पाह्यली,” ती म्हणाली, आणि सूप घेऊन मागच्या अंगणात गेली.