सरांच्या सदाफुलीतलं कडं

सलीम सर गेल्याचा भाभींचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला साध्या सदाफुलीची एक कळी रंगात चिरडून अंगठ्यानं काच दाबत होते. फोन ठेवला, काच नीट दाबून पूर्ण केली आणि मग छावणी भागातल्या त्यांच्या घरी गेले. तिथं रडले नाही... अजूनही रडू येत नाही. तास घेते, जेवते, झोपते.

मी आधी सरांची विद्यार्थिनी, नंतर सहकारी. ऐन उमेदीत त्यांनी सदाफुलीचं बी एका रसायनात भिजवलं होतं. त्यानं गुणसूत्रं तुटतात आणि तुकडे कधी भलत्याच ठिकाणी जोडले जातात. अशा एका रोपात, पराग तयार होताना, चार गुणसूत्रं एकमेकांना धरून बांगडीसारखं कडं करायची. फुलं चारचौघींसारखीच, पण निम्मे पराग पोकळ. सरांना हवं होतं त्याच्या पुढच्या पिढीतलं रोप, ज्यात आई-बाप दोन्ही बाजूंनी बदललेलीच गुणसूत्रं आली आहेत. पंचाईत अशी, की त्यात कडं दिसतच नाही. ते अगदी साध्या रोपासारखं असतं.

गेल्या उन्हाळ्यात कडं नसलेलं, भरल्या परागांचं एक रोप मिळालं. मी हुरळून गेले. "सर, हेच ते!"

"लई घाई करते तू. साधं पण असू शकतं ना? साध्या रोपाशी लग्न लावू याचं. हे साधं असेल तर एकाही पोरात कडं येणार नाय. सगळ्या पोरांत उतरलं, तर मानलं."

तेव्हा त्यांना दोन पावलं चाललं तरी धाप लागायची. मी करते म्हटलं, तर म्हणाले, "नाय, हा निकाह मीच लावणार." चिमट्यानं पराग त्यांनीच लावले. बी धरलं, रोपं उगवली. मग फोनवर त्यांचा रोज एकच प्रश्न, "कळ्या आल्या का गं?" त्या यायच्या आतच सर गेले.

मागच्या आठवड्यात कळ्या धरल्या. मी रोज सकाळी थोड्या तोडून बघत गेले. पहिल्या रोपात कडं. दुसऱ्यात कडं. काल शेवटचं रोप तपासलं, त्यातही स्वच्छ कडं. म्हणजे ते रोप खरंच तेच होतं. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

चांगली पेशी सापडली की स्टूलवरून उठायचं आणि दुसऱ्याला बघू द्यायचं, ही सरांची शिस्त. दोघांनी पाहिल्याशिवाय ते काही खरं धरत नसत. काल मी सवयीनं उठले, बाजूला सरकले... आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.