सभामंडपातील पेशीद्रव्य

पहिली वहाण माझ्या मुखावर बसली, तेव्हा मी मुलींना ‘पेशीद्रव्य’ हा शब्द समजावून देत होतो. ओठ फुटला. ज्या जिभेवर नाम असते, त्या जिभेवर रक्त आले.

सेलूजवळच्या आमच्या गावातील देवळाचा सभामंडप. मी निवृत्त संस्कृतशिक्षक, जन्माने मेंढपाळाचा मुलगा. विज्ञानातील संस्कृत शब्द मुलींना जड जातात, म्हणून सायंआरतीपूर्वी तिथे वर्ग घेतो. त्या दिवशी म्हणालो, “हे देऊळ म्हणजे एक पेशी समजा. भिंत म्हणजे पटल. गाभारा म्हणजे केंद्रक. या दोहोंमधले सगळे पेशीद्रव्य. पेशीचे बहुतेक काम इथेच चालते. हे आटले तर केंद्रकही मरते.”

देवळाचे विश्वस्त, गावचे मोठे जमीनदार, मागे येऊन उभे होते. वहाण मारून मगच ते बोलले.

“गाभारा मरतो म्हणायलास? मेंढरं राखायची सोडून देवळात मास्तरकी करायलास व्हय रं?”

मी सत्तरीचा. तो ‘रं’ ऐकून मान खाली घातली. जन्मभर त्यालाच विनय समजत आलो होतो.

दुसरी वहाण. मग त्यांच्या दोन गड्यांनी मानगूट धरून मला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत फरफटत नेले. त्या उंबऱ्याच्या आत आम्हा मेंढपाळांपैकी कोणी कधी गेलेले नाही. देवाचा अपराध झाला, तर त्यावर नाक घासून माफी मागायची, ही गावची रीत. अपराध कोणता, हे विश्वस्त ठरवतात.

“घास नाक. आन् म्हण, आमी भाईरचे.”

कपाळ दगडावर आपटले. पुन्हा आपटले. रक्त डोळ्यांत उतरले. समोर माझा देव. त्याच्यापुढे मी नित्य दंडवत घालतो. ती मान मी त्याला दिली होती. यांना नव्हे.

मागून आठवीतली रेणुका किंचाळली, “आबा, घासू नका! तुमी काय बी चुकीचं बोलला न्हाई!”

उंबऱ्यावर पंजे रोवून मी उसळलो. एक गडी खांबावर जाऊन आदळला. विश्वस्तांचा उगारलेला हात मी मनगटापाशी धरला. पिसाळलेले एडके शिंगांना धरून आवरण्यात माझे बालपण गेले आहे. हाड कडाडेपर्यंत पिरगळला.

“आम्ही आतले आहोत,” मी म्हणालो.

ठाण्यात त्यांची फिर्याद आहे, माझीही आहे. काल विश्वस्तांकडून निरोप आला: वर्ग चावडीत हलवा, प्रकरण मिटवू. मी नकार कळवला. वर्ग देवळातच भरेल. पुढचा पाठ केंद्रकाचा. तो मी मुलींना गाभाऱ्यात बसवून शिकवणार आहे. ज्याला अडवायचे असेल, त्याने वहाण नव्हे, कुऱ्हाड घेऊन यावे.