सुलेखा एक शब्द गाळत नाही

आमची सुलेखा नागपूरला पेपरात बातमीदार होती. लग्न होऊन इकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेजवळ आली आणि गावातल्या इंग्रजी साप्ताहिकात चिकटली. त्या पगारात काय होतंय! म्हणून कोर्टात, हॉस्पिटलात दुभाष्याचंही काम करते. दोन्हीकडे तिचा नियम एकच: समोरचा बोलेल ते जसंच्या तसं पोचवायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. आणि जिथे दुभाषी म्हणून बसेल, तिथली बातमी ती लिहीत नाही. "दोन्ही डगरींवर हात कसा ठेवू, काकू?" म्हणते. मला मेलं हे सोवळं अतीच वाटायचं.

गेल्या वर्षी गावातल्या ज्येष्ठांची ने-आण करणारी व्हॅन बंद करायचं घाटत होतं. मला काय, माझी लेक सोडते. पण शेजारचे बाळराव! त्यांची बायको पद्मजा नर्सिंग होममध्ये. तिला भरवायला ते रोज त्याच व्हॅनने जातात. डोळ्यांमुळे ड्रायव्हिंग सुटलं, मुलगा नोकरीसाठी तिकडे लांब सांता क्लाराला. व्हॅन गेली की भेट संपली.

गावाची सभा भरली. बाळरावांचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून शेजारी दुभाषी सुलेखा. अध्यक्षबाईंनी विचारलं, व्हॅन नसली तर तुम्हाला काय त्रास होईल?

आणि हा गृहस्थ हात जोडून म्हणतो काय, "छे छे, कसला त्रास! सगळं छान आहे. तुम्ही आमचं एवढं करता. थँक्यू."

झालं! परक्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही आपली खोड. सुलेखाने तेच माइकवर इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षबाई खूश, पुढचं नाव पुकारायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. उठले आणि मराठीत सुरू झाले, "डोंबलाचं छान! बाळराव, त्या मंगळवारी व्हॅन आली नाही, तर माझ्या किचनमध्ये बसून रडलात ना? पद्मजा दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाही. उपाशी राहिली ती दिवसभर. सांगा की त्यांना! कसली मेली भीड!"

वाटलं, सुलेखा मला गप्प करणार. तिने माइक जवळ ओढला आणि सगळं इंग्रजीत सांगितलं. माझा संताप, त्यांचं रडणं, पद्मजाची उपासमार. ते 'डोंबलाचं'सुद्धा कुठेतरी बसवलं म्हणे.

"हे खरं आहे?" अध्यक्षबाईंनी बाळरावांना विचारलं. त्यांनी मान खाली घालूनच "हो" म्हटलं.

व्हॅन राहिली. साप्ताहिकात पहिल्या पानावर बातमी आली, ती दुसऱ्याच कुणाच्या नावाने. मी तणतणत सुलेखाला फोन केला, तर ही हसतेय! "काकू, बोललात तुम्ही. मी नुसतं पोचवलं." अशी आहे ती. फार जीव आहे माझा तिच्यावर.

परवा व्हॅन दारात आली. बाळराव मऊ भाताचा डबा सांभाळत चढले. ड्रायव्हरने विचारलं, कसे आहात?

"फाइन, फाइन," बाळराव म्हणाले. तेवढ्यात दारात उभ्या माझ्याकडे त्यांची नजर गेली, तसे गुडघ्यावर हात ठेवून घाईघाईने म्हणाले, "नी पेन. व्हेरी बॅड."